गावाची लोकसंख्या आणि दळणवळण: माहितीपत्रिका तयार करण्याची पद्धत

ग्रामपंचायत विकास आराखडा, एसटीच्या नव्या फेरीची मागणी, रस्त्याचा प्रस्ताव किंवा महाविद्यालयातील प्रकल्प यांसाठी गावाची माहितीपत्रिका लिहिली जाते आणि ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. लोकसंख्या महसुली गावाची असते, कुटुंबे गट ग्रामपंचायतीची असतात, रस्ता गावठाणापर्यंतचा असतो आणि एसटी प्रत्यक्षात फाट्यावर थांबणारी असते. चारही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असल्या, तरी एकत्र ठेवल्यावर त्या कोणत्याच एका गावाच्या राहत नाहीत. अशी पत्रिका घेऊन आगार व्यवस्थापकाकडे किंवा पंचायत समितीत गेल्यास पहिल्या प्रश्नालाच ती कोलमडते.

पुढील टप्पे महाराष्ट्रातील गावांना धरून लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये. हद्द ठरण्याआधी आकडे उतरवले तर पुढची सगळी मेहनत दुसऱ्यांदा करावी लागते आणि वस्त्यांची यादी होण्याआधी गाड्यांची पाहणी केली तर अर्धे गाव पाहणीतून सुटते.

सुरुवातीपूर्वीची तयारी

हाताशी पाच गोष्टी असाव्यात: जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकेचे दोन्ही भाग (पहिल्या भागात गावनिहाय सुविधांची निर्देशिका असते, दुसऱ्यात प्राथमिक जनगणना सार, म्हणजे गावनिहाय लोकसंख्येचे मुख्य आकडे), भूमी अभिलेख कार्यालयाचा गाव नकाशा, ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील म्हणजे नमुना ८ मधील घरांची संख्या, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या सर्वेक्षण नोंदवह्यांतील एकूण आकडे, आणि एक साधी रेघी वही. हस्तपुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. नमुना ८ आणि तलाठ्याकडील माहितीसाठी लेखी अर्ज द्यावा. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, त्यामुळे अर्जावर नवे पदनाम लिहिलेले बरे.

नोंदवह्यांतून फक्त बेरजा घ्याव्यात. कुटुंबप्रमुखांची नावे, दूरध्वनी क्रमांक किंवा आधार क्रमांक यांची पत्रिकेला गरज नसते आणि ती उतरवून आणण्याचा अधिकारही आपल्याला नसतो.

टप्पा १: कोणत्या हद्दीची पत्रिका, हे आधी लिहून काढावे

जनगणनेचे गाव म्हणजे महसुली गाव. ग्रामपंचायत ही वेगळी हद्द आहे: ती एका महसुली गावाची स्वतंत्र असू शकते किंवा दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत असू शकते. तिसरी हद्द लोकांच्या बोलण्यातली असते. ‘आमचे गाव’ म्हणताना शेजारच्या शिवारातली मळ्याची वस्ती त्यात धरली जाते आणि ओढ्यापलीकडचा, कागदोपत्री त्याच गावचा तांडा मात्र कित्येकदा वगळला जातो.

पत्रिकेच्या पहिल्याच ओळीत एक वाक्य असावे: ‘ही माहिती अमुक महसुली गावाची असून त्यात अमुक वाड्या, वस्त्या, पाडे किंवा तांडे समाविष्ट आहेत.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये. पत्रिका गट ग्रामपंचायतीसाठी हवी असेल, तर प्रत्येक महसुली गावाचे आकडे स्वतंत्र स्तंभात ठेवावेत आणि बेरीज शेवटी करावी, कारण जनगणनेच्या सारात आकडे गावनिहाय दिलेले असतात आणि बेरीज आपल्यालाच करावी लागते.

तपासणी: गाव नकाशावर सर्व वस्त्या पेन्सिलीने मांडाव्यात. एखादी वस्ती शिवेच्या रेषेवर किंवा पलीकडे पडत असेल, तर तेथील घरांची कर आकारणी कोणत्या ग्रामपंचायतीत होते हे विचारून मगच ती धरावी किंवा सोडावी.

टप्पा २: नाव आणि सांकेतांक जुळवणे

एकाच तालुक्यात दोन वडगाव, तीन पिंपळगाव असणे नित्याचे आहे. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल तर इतकी सर्रास होते की पत्रिका हाती आल्यावर सर्वांत आधी हीच ओळ पाहावी. जनगणनेच्या तक्त्यांतील नावे रोमन लिपीत आहेत, त्यामुळे ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ एकच दिसतात, ‘बु.’, ‘खु.’, ‘तर्फ’, ‘प्र.’ ही जोडशब्दे कधी गळतात, कधी नावाच्या पुढे जातात. म्हणून नावावर विसंबू नये. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी सांकेतांक दिलेला आहे, तो शोधून पत्रिकेच्या शिरोभागी लिहावा. पंचायतींसाठी स्थानिक शासन निर्देशिकेत (केंद्र सरकारची ‘एलजीडी’ यादी) ग्रामपंचायतीचा सांकेतांक वेगळा असतो, तोही सोबत नोंदवावा. दोन्हींसाठी एकच रकाना ठेवू नये.

जिल्ह्याच्या नावाने शोधतानाही २०११ मधील परिस्थिती लक्षात ठेवावी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे तेथील गावांचे आकडे ठाणे जिल्ह्याच्या पुस्तिकेत आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या पुस्तिका अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या जुन्या नावांनी सापडतात.

इशारा: गाव यादीत मुळीच सापडत नसेल तर ते ‘नाहीच’ असा निष्कर्ष काढू नये. लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या (म्हणजे वर्षात सहा महिने किंवा अधिक काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० या तीन कसोट्या पूर्ण करणारे गाव जनगणनेत ‘जनगणना नगर’ म्हणून नागरी भागात टाकले जाते, जरी तेथे ग्रामपंचायतच असली तरी. अशा गावाची नोंद नगरांच्या यादीत पाहावी.

टप्पा ३: जनगणनेचे आकडे उतरवणे आणि गुणोत्तरे काढणे

प्राथमिक जनगणना सारातून पुढील आकडे स्त्री-पुरुषनिहाय घ्यावेत: कुटुंबे, एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, मुख्य काम करणारे, सीमांत काम करणारे, आणि त्यांतील शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग व इतर. सुविधांच्या निर्देशिकेतून गावाचे क्षेत्रफळ घ्यावे. प्रत्येक आकड्यापुढे ‘२०११’ लिहावे. वर्ष न लिहिलेला लोकसंख्येचा आकडा वाचणारा आजचाच समजतो.

गुणोत्तरे काढताना होणाऱ्या चुका उदाहरणाने पाहणे सोपे जाईल. समजा, एका गावात ५१२ कुटुंबे, २,४६० लोकसंख्या, त्यांत १,२६५ पुरुष आणि १,१९५ स्त्रिया आहेत. ० ते ६ वयाचे १६४ मुलगे व १४६ मुली, मिळून ३१० बालके आहेत. साक्षर १,६३४ आणि क्षेत्रफळ १,१४८ हेक्टर आहे.

साक्षरतेचा दर सात वर्षे व त्यापुढील लोकसंख्येवर काढतात. म्हणून २,४६० मधून ३१० वजा करून २,१५० ने भागावे; दर ७६.० टक्के येतो. एकूण लोकसंख्येने भागले तर ६६.४ टक्के येतो आणि गाव विनाकारण जवळजवळ दहा टक्क्यांनी मागे पडते. मग हा चुकीचा आकडा राज्याच्या २०११ मधील ८२.३४ टक्के या दराशेजारी ठेवून गावाच्या मागासलेपणावर परिच्छेद लिहिला जातो. तुलना करायचीच असेल तर राज्याच्या ग्रामीण भागाशी करावी.

स्त्री-पुरुष प्रमाण म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: येथे ९४५. बाल लिंग गुणोत्तर वेगळे काढावे: येथे ८९०. मात्र तीनशे बालकांच्या गावात दहा मुलींचा फरक पडला तरी हे गुणोत्तर साठ अंकांनी हलते, त्यामुळे त्यावरून गावाच्या वृत्तीबद्दल विधान करू नये. पाच-सहा गावे किंवा संपूर्ण तालुका एकत्र घेतल्यावरच त्याला अर्थ येतो. घनतेसाठी हेक्टरचे चौरस किलोमीटर करावेत, म्हणजे १०० ने भागावे: ११.४८ चौरस किलोमीटर, आणि घनता सुमारे २१४. कुटुंबाचा सरासरी आकार ४.८.

काम करणाऱ्यांच्या बाबतीत ‘सीमांत’ हा शब्द गरिबीशी जोडला जातो, ते चूक आहे. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काळ काम मिळालेला तो सीमांत काम करणारा, एवढाच त्याचा अर्थ. वाहतुकीच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण उरलेले महिने कामासाठी बाहेर जाणारी माणसे बहुधा याच गटातील असतात.

तपासणी: पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण, मुख्य अधिक सीमांत अधिक काम न करणारे बरोबर एकूण, साक्षर अधिक निरक्षर बरोबर एकूण. येथे ० ते ६ ची सर्व मुले निरक्षरांत धरलेली असतात. एकही बेरीज चुकली तर ओळ चुकीच्या गावाची उतरलेली आहे असे समजून टप्पा २ कडे परतावे.

इशारा: ० ते ६ सोडता इतर वयोगटांचे आकडे या सारात गावपातळीवर नाहीत. शाळेत जाणारी मुले किंवा ज्येष्ठ नागरिक किती, हे जिल्ह्याची टक्केवारी लावून ‘काढू’ नये.

टप्पा ४: आजची लोकसंख्या

येथे बहुतेक लेखक २००१ ते २०११ ची वाढ तशीच पुढे ओढतात. गावपातळीवर हा हिशेब टिकत नाही. एखादा साखर कारखाना बंद पडणे, धरणासाठी पुनर्वसन होणे, महामार्गालगत वसाहत उभी राहणे यांपैकी एका घटनेने छोट्या गावाचा कल उलटतो. त्यापेक्षा पत्रिकेत दोन आकडे वेगवेगळे द्यावेत: जनगणनेचा, वर्षासह, आणि स्थानिक मोजणीचा, महिना व वर्षासह. दोन्हींची सरासरी कधीही काढू नये.

स्थानिक आकड्यासाठी आशा सेविकेची कुटुंब नोंदवही सर्वांत उपयोगी ठरते. सपाट भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, त्यामुळे मोठ्या गावात दोन-तीन नोंदवह्यांची बेरीज करावी लागते आणि त्यांच्या कार्यक्षेत्रांच्या मधली मळ्यातली घरे कोणाच्याच वहीत नसण्याची शक्यता धरून चालावे लागते. इतर नोंदींचे आपापले दोष आहेत:

– नमुना ८ मध्ये घरे असतात, कुटुंबे नव्हेत. कोकणातल्या गावांत मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्यांची, गणपती आणि शिमग्यालाच उघडणारी घरेही त्यात येतात.

– मतदार यादीत फक्त १८ वर्षांवरील नावे असतात, लग्न होऊन गेलेल्या आणि स्थलांतरितांची नावे बराच काळ निघत नाहीत आणि एका यादी भागात दोन गावे असू शकतात.

– शिधापत्रिकांची संख्या म्हणजे कुटुंबांची संख्या नव्हे. एका चुलीवर जेवणाऱ्या भावांची कार्डे वेगळी असतात आणि वेगळ्या चुली असलेल्यांचे कार्ड एकच असते.

– अंगणवाडीच्या वहीत बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांची बाळे असतात.

जन्म-मृत्यू नोंदणीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. जन्म जेथे होतो तेथे त्याची नोंद होते. आता बहुतेक बाळंतपणे ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा तालुक्याच्या खासगी दवाखान्यात होतात, म्हणून ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत वर्षाला चार-दोनच नोंदी दिसतात, तर मृत्यू अजूनही बऱ्याच प्रमाणात घरी होत असल्याने मृत्यूंच्या नोंदी त्या मानाने अधिक असतात. या दोन नोंदवह्यांची वजाबाकी करून ‘गावाची लोकसंख्या घटत आहे’ असे लिहिले जाते. ही चूक शिकल्या-सवरल्या लोकांच्या अहवालांतही आढळते. जन्मांसाठी आशा सेविकेकडील नोंद वापरावी.

टप्पा ५: वस्त्यांची आणि हंगामाची यादी

जनगणनेत वस्तीनिहाय लोकसंख्या नसते, आणि वाहतुकीचा खरा प्रश्न मात्र वस्तीवरच असतो. म्हणून हा टप्पा सर्वांत जास्त वेळ देऊन करावा. प्रत्येक वस्तीसाठी एक ओळ घ्यावी: नाव, राहती घरे, बंद घरे, माणसे, गावठाणापासूनचे अंतर, वाटेत ओढा किंवा नदी आहे का, आणि सहावी ते दहावीत शिकणारी मुले किती. वर्गनिहाय मुलांचे आकडे शाळेतून घेऊन वस्तीवर पडताळावेत.

त्याच ओळीत हंगामाचे दोन स्तंभ असावेत: श्रावणात राहणारी माणसे आणि माघात राहणारी माणसे. मराठवाड्यातील आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. जे नेहमी त्या घरी राहतात आणि गणनेच्या काळात केव्हा तरी तेथे होते, त्यांना त्या घरात मोजायचे. संपूर्ण काळ बाहेर असलेल्यांना ते जेथे असतील तेथे मोजायचे, असा नियम होता. त्यामुळे ज्या वस्तीवरून नवरा-बायकोच्या जोड्याच्या जोड्या कारखान्याच्या फडावर गेलेल्या असतात, तेथील जनगणनेचा आकडा पावसाळ्यातल्या खऱ्या वस्तीपेक्षा कमी असण्याची दाट शक्यता असते. असे गाव असेल तर ही गोष्ट आकड्याखालीच एका वाक्यात लिहावी. तळटीप कोणी वाचत नाही.

तपासणी: सर्व वस्त्यांची श्रावणातील बेरीज आशा सेविकेच्या नोंदीशी ताडून पाहावी. मोठा फरक आला तर एखादी वस्ती दोनदा मोजली गेली आहे किंवा सुटली आहे.

टप्पा ६: रस्ते

रस्त्याचे वर्गीकरण डांबर पाहून ठरत नाही, मालकीवर ठरते. राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. कार्यालयांत शेवटच्या तिघांना प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा म्हणतात. साधारणपणे राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे असतात. खड्ड्यांचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिने जातात, म्हणून रस्त्याचा क्रमांक पत्रिकेत हवाच. कडेच्या किलोमीटर दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामसडक. रंग उडालेला असल्यास बांधकाम उपविभागात विचारावे.

प्रत्येक रस्ता तुकड्यातुकड्याने लिहावा. ‘गाव ते तालुका, पक्का रस्ता, १४ किमी’ ही नोंद निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘गावठाण ते फाटा ३ किमी, ग्रामा, डांबरी, उखडलेला, एक फरशी पूल, फाटा ते तालुका ११ किमी, प्रजिमा, सुस्थितीत’ असे लिहावे. अंतर मोजण्याचा शून्य बिंदू एकच ठेवावा, शक्यतो ग्रामपंचायत कार्यालय, आणि अंतर दुचाकीच्या मीटरवर रस्त्याने मोजावे. नकाशावरची सरळ रेषा घाटातल्या गावांना हमखास फसवते.

बारमाही रस्ता कोणता, याची परीक्षा उन्हाळ्यात होत नाही. गेल्या पावसाळ्यात फरशीवरून पाणी किती वेळा गेले, प्रत्येक वेळी वाहतूक किती तास अडली आणि त्या दिवशी दूध आणि शाळेची मुले कशी गेली, हे तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या घरी विचारावेत. काही तासांचा खंड असला तरी रस्ता बारमाही म्हणता येतो. चार-चार दिवस वाट बंद असेल तर डांबर असूनही तो बारमाही नाही.

वस्त्यांचे पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि पायवाटाही यादीत घ्याव्यात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत विचार गावाचा नसून वस्तीचा होतो, आणि योजनेच्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागात ५०० व अनुसूचित क्षेत्रासारख्या विशेष भागांत २५० लोकसंख्येची, रस्त्याने न जोडलेली वस्ती पात्र धरली जाते. एकमेकींलगतच्या छोट्या वस्त्या एकत्र धरण्याची तरतूदही योजनेच्या नियमांत आहे. त्यामुळे टप्पा ५ मधील यादी नीट झाली असेल, तर १८० आणि १२० माणसांच्या दोन शेजारच्या पाड्यांचा प्रस्ताव एकत्र मांडता येतो का, हे येथेच दिसते.

इशारा: जनगणनेच्या सुविधा निर्देशिकेत एखादी सोय गावात नसेल तर अंतराऐवजी अक्षर दिलेले असते: पहिले अक्षर ५ किलोमीटरच्या आत, दुसरे ५ ते १०, तिसरे १० पेक्षा जास्त. या अक्षरांवरून ‘५ किमी’ असा नेमका आकडा लिहू नये.

टप्पा ७: गाड्या आणि त्यांच्या वेळा

‘एसटीची सोय आहे’ या तीन शब्दांत काहीही कळत नाही. फेरीनिहाय तक्ता करावा: आगार, मार्ग, गावात येण्याची वेळ, निघण्याची वेळ, गावात येते की फाट्यावरून जाते, रोज येते की शाळेच्या दिवशीच, आणि मुक्कामी आहे का. वेळापत्रक आगारातून घ्यावे, पण पडताळणी गावातच करावी. शाळेचा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवार असे तीन निरनिराळे दिवस थांब्यावर उभे राहून गाडी खरोखर कधी आली ते लिहावे. सुट्टीत बंद होणारी फेरी वर्षभराची म्हणून नोंदवणे ही या तक्त्यातील नेहमीची चूक आहे. मानव विकास कार्यक्रमातील विद्यार्थिनींसाठीच्या गाड्या राज्यातल्या १२५ तालुक्यांत आहेत. त्यांची नोंद स्वतंत्र करावी, कारण त्यांचे वेळापत्रक शाळेला बांधलेले असते आणि इतर प्रवाशांची सोय त्यात गृहीत धरता येत नाही.

खासगी वाहतुकीला भागपरत्वे वडाप, काळीपिवळी, टमटम अशी नावे आहेत. या गाड्यांना वेळ नसते. भरली की निघते. म्हणून वेळेऐवजी पुढील बाबी लिहाव्यात: सकाळी पहिली आणि संध्याकाळी शेवटची गाडी साधारण केव्हा मिळते, बाजाराखेरीजच्या दिवशी भरायला किती वेळ लागतो, माणशी भाडे काय, आणि पाऊस असताना ती वस्तीपर्यंत येते का. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास विनामूल्य आहे, तर वडापला पूर्ण भाडे लागते. एसटीची एक फेरी रद्द झाल्याचा खर्च कोणावर पडतो हे या दोन स्तंभांवरून आपोआप दिसते.

रात्रीची सोय वेगळ्या ओळीत असावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या ठिकाणी उभी असते, तेथून गावठाणापर्यंत आणि सर्वांत दूरच्या वस्तीपर्यंत येण्यास अलीकडच्या प्रसंगी किती वेळ लागला, आणि ती येऊ शकत नाही अशी वस्ती कोणती, एवढे पुरेसे आहे. रेल्वे स्थानक जवळ असेल तर अंतराबरोबर तेथे प्रत्यक्ष थांबणाऱ्या गाड्या लिहाव्यात.

घरच्या वाहनांसाठी २०११ च्या जनगणनेत सायकल, दुचाकी आणि मोटारगाडी असलेल्या कुटुंबांची टक्केवारी मिळते. ती कुटुंबांची आहे, वाहनांची नव्हे. शिवाय ती मोजणी २०१० च्या घरयादीच्या, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या फेरीच्या वेळची आहे. आजचा अंदाज हवा असल्यास वस्तीच्या यादीतच एक स्तंभ वाढवून दुचाकी असलेली घरे मोजावीत. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: घरात दुचाकी आहे म्हणजे घरातील सासूला किंवा नववीतल्या मुलीला ती उपलब्ध आहे, असे नव्हे.

टप्पा ८: माणसे आणि गाड्या एकमेकांसमोर ठेवणे

आतापर्यंतचे तक्ते वेगवेगळे आहेत. पत्रिकेचे काम ते जोडण्यात आहे, आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. एका कागदावर डावीकडे दिवसाचे तास लिहावेत. मधल्या स्तंभात त्या वेळी कोणाला कोठे जायचे आहे ते लिहावे: दूध संकलनावर जाणारे, औद्योगिक वसाहतीतील पहिल्या पाळीचे कामगार, दहा-साडेदहाच्या शाळेची मुले, बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्या, संध्याकाळी सुटणारे महाविद्यालयीन विद्यार्थी. उजव्या स्तंभात टप्पा ७ मधील गाड्या लिहाव्यात. जेथे मधला स्तंभ भरलेला आणि उजवा रिकामा, तेथे गावाची खरी अडचण आहे.

मधल्या स्तंभातील संख्या अंदाजाने भरू नयेत. विद्यार्थ्यांसाठी शाळेची हजेरी आणि आगारातील पासधारकांची संख्या मिळते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत असल्याने मुलींच्या पासांची संख्या बऱ्यापैकी भरवशाची असते. कामगारांसाठी वस्तीवर विचारावे लागते. कामाच्या ठिकाणी जाण्याचे अंतर आणि साधन यांचा २०११ चा तक्ता जिल्हापातळीचा आहे आणि तो शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांचा आहे. त्याची टक्केवारी गावाच्या शेतमजुरांना लावू नये.

एसटीची फेरी मागायची असेल तर हा एक कागद आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. नवी फेरी मागण्यापेक्षा आहे त्या फेरीची वेळ अर्ध्या तासाने बदलून मागणे किंवा फाट्यावरून जाणारी गाडी गावात वळवून मागणे आगाराला पुष्कळदा अधिक सोपे जाते, आणि तक्ता नीट असेल तर कोणती मागणी करायची हे त्यावरूनच ठरते.

टप्पा ९: वाचन, दुरुस्ती आणि अंतिम प्रत

मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवावा. ते शक्य नसल्यास प्रत्येक वस्तीवर तेथील ओळ तेवढी वाचावी. आकडेवारीतील चुका गावकरी क्वचितच काढतील, पण गाडीची वेळ, ओढ्याचे पाणी आणि सुटलेली वस्ती यांबाबत ते लगेच हरकत घेतात. दुरुस्ती केल्यावर तिची तारीख लिहावी. अगदी छोट्या वस्तीची जातनिहाय किंवा आजारपणाची माहिती अंतिम प्रतीत छापू नये, कारण दहा घरांच्या वस्तीत आकडा दिला काय आणि नाव दिले काय, सारखेच.

प्रत्येक तक्त्याखाली तीनच गोष्टी असाव्यात: माहिती कोठून घेतली, कोणत्या दिवसाची आहे, आणि हद्द कोणती धरली. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक महाराष्ट्रासाठी १ मार्च २०२७ हा आहे. ते आकडे प्रसिद्ध झाल्यावर २०११ चे आकडे खोडू नयेत. शेजारी नवा स्तंभ घ्यावा आणि मधल्या काळात गावाची हद्द किंवा तालुका बदलला असल्यास तसे तेथेच नोंदवावे. गाड्यांचा तक्ता मात्र जनगणनेची वाट पाहत थांबत नाही: तो दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा पुन्हा थांब्यावर उभे राहून तपासावा.